परदेशी निघताना जुन्या डेंटचा क्लेम: टाकावा की सोडून द्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सात आठवड्यांपूर्वी वडोदऱ्यात न्यायमंदिरापाशी रिक्षा घासून गेली, डाव्या मागच्या दाराला डेंट, रिक्षावाला पसार. धावपळीत विमा कंपनीला कळवायचं राहिलं. आता जानेवारीत इंग्लंडात लेस्टरला निघायचंय, गाडी मेहुण्याच्या नावावर करायचीय आणि मकरपुऱ्यातला गॅरेजवाला साडेचौदा हजार सांगतोय. 35 टक्के बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घालवून क्लेम टाकावा की गपचूप खिशातून भरावेत?

मी दांडिया बाजारातला, लेस्टरला नऊ वर्षं झाली. माझं मत: टाका, पण तारीख खरी लिहून, आणि याच आठवड्यात.

बोनसचा तुम्ही उगाच धसका घेतलाय. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मेहुण्याला तो मिळणारच नाही, त्याची सुरुवात शून्यापासून. गाडी दिल्यावर कंपनीकडून बोनसचं पत्र मिळतं, ते 3 वर्षं चालतं, पण भारतात पुन्हा गाडी घेतली तर. इकडच्या बहुतेक विमा कंपन्या तिकडचा बोनस धरत नाहीत. मी ते पत्र लॅमिनेट करून आणलं होतं, हसू नका. फोनवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात नाही म्हटलं.

लवकर परत यायचा बेत असेल तरीही आकडे बघा. बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. तुमचा तो प्रीमियम आठ हजार. क्लेम नसता तर पुढच्या वर्षी 45 टक्के आणि नंतर 50, क्लेम केला तर 0, 20, 25, 35, 45. पाच वर्षांतला फरक मिळून 9,600 रुपये. उलट तुमची झिरो डेप (भागांची घसारा-कपात न करणारी) पॉलिसी आणि 1,500 सीसीच्या आतली गाडी म्हणजे सक्तीचे 1,000 कापून बाकी बहुतेक कंपनी देईल.

आता उशिराचं. घटना होताच लेखी कळवा, अशी अट पॉलिसीत असतेच. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलंय की खरा क्लेम निव्वळ उशीर झाला म्हणून फेटाळू नका. लोक सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकालही पुढे करतात, पण तो चोरीला गेलेल्या गाडीचा, आणि तिथे पोलिसात तक्रार लगेच झालेली होती. डेंटसाठी त्याचा फार आधार धरू नका. उशीर का झाला ते दोन ओळींत सरळ लिहा, आणि नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत दाराला हात लावू नका. मधल्या काळात दुसरीकडे काही घासलं असेल तर ते यात घुसडू नका, त्याचा क्लेम वेगळा.

हे मी शहाणपणाने नाही, फजितीने शिकलो. निघायच्या आधी माझाही असाच बंपरजवळचा ओरखडा, चाळीस दिवसांचा. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, परवाची तारीख टाका, कोण बघतंय?" टाकली. सर्व्हेअर आला, काही न बोलता ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. तांबूस गंज. "परवाचं?" एवढंच विचारलं. मी तिथेच क्लेम मागे घेतला आणि पैसे खिशातून भरले. गंज काही सात आठवडे लपत नाही.

आणखी एक, जे तिकडे कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये विमा घेताना मागच्या 5 वर्षांतले अपघात विचारतात, क्लेम केलेला असो वा नसो. म्हणजे क्लेम टाळलात म्हणून ही घटना पुसली जात नाही. फॉर्मवर प्रश्न नीट वाचा आणि असेल ते सांगा. खोटं सापडलं तर ऐन अपघातात पॉलिसी रद्द ठरू शकते. भारतीय लायसन्सवर इकडे राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते, पण पहिल्या वर्षीचा प्रीमियम विचारायला खुर्चीत बसूनच फोन करा.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही मात्र क्लेम पूर्ण मिटल्यावर करा, आधी नाही. क्लेमचे पैसे तुमच्या खात्यात येणार असतील तर ते खाते जानेवारीच्या आत बंद करू नका. आणि नाकारलं तर लेखी कारण मागून घ्या. गुजरातसाठी विमा लोकपालांचं कार्यालय अहमदाबादला आहे, नकारानंतर वर्षभरात तक्रार करता येते, लेस्टरमधून लिहिलं तरी.