सूट देण्याआधी हिशेब मांडा

प्रश्न : फोंड्यात आठ महिन्यांपूर्वी फार्मसी सुरू केली. आता जवळच एका साखळीचे दुकान आले आहे, ते 20 टक्के सूट देते. मीही तेवढीच सूट द्यावी आणि ‘मधुमेह, रक्तदाबावर हमखास गुण’ असे पत्रक वाटावे का?

उत्तर : ते पत्रक मुळीच छापू नका. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यातील रोगांच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पत्रक काढायचेच तर दुकानाचे नाव, वेळ आणि फोन नंबर पुरे.

आता सूट. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला असतो, तोही खरेदीवर. जीएसटी बाजूला ठेवला तर 100 रुपयांचा माल 116 ला जातो. त्यावर 20 टक्के सोडले की हाती 92.80 येतात, म्हणजे 7.20 रुपये पदरचे गेले. मोठ्या साखळीला घाऊक खरेदीत जादा सूट मिळते, तुम्हाला ती मिळणार नाही.

तुमचे गिऱ्हाईक टिकेल ते औषध वेळेवर मिळाल्याने. एक वही घाला. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या रोज दोन गोळ्या म्हणजे महिन्याला दहाच्या सहा स्ट्रिप. औषध नेल्याची तारीख लिहा, 23व्या दिवशी माल मागवा, 26व्या दिवशी फोन करा. फोनसाठी आधी संमती घ्या. निरोपात औषधाचे किंवा आजाराचे नाव नको, फोन घरात कोणीही उचलतो. शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध असेल तर चिठ्ठी दरवेळी पाहायचीच, घरपोच देतानाही. चिठ्ठीवरचा ब्रँड नसला तर मनाने दुसरा देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि मुदत असलेली बाजू शेवटपर्यंत राखा. ती आधी कापली गेली की उरलेल्या गोळ्या कधीच्या, हे तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि गिऱ्हाईक अशी स्ट्रिप घेताना बरोबर बिचकते.

प्रश्न : सावईवेऱ्यापर्यंत इन्सुलिन पोचवायचे तर काळजी कोणती?

उत्तर : फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, तापमान 2 ते 8 अंश हवे, सकाळ-संध्याकाळ नोंद करा. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, तेव्हा इन्व्हर्टरला फ्रिज पेलतो का, हे जूनआधीच पाहा. पाठवताना आइस-जेलला इन्सुलिन थेट टेकू देऊ नका, मध्ये जाड कापड घाला. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे लागते.