प्रत्येक ग्राहकाची फक्त शेवटची ऑर्डर क्वेरीने कशी मिळवावी?

एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा) वापरून ग्राहक आणि ऑर्डर ही दोन टेबले जोडून प्रत्येक ग्राहकासमोर त्याची सर्वांत अलीकडची ऑर्डर हवी असेल, तर केवळ ‘ग्रुप बाय’ (ओळींचे गट पाडणे) आणि ‘मॅक्स’ (गटातले सर्वांत मोठे मूल्य) यांवर थांबू नये. त्यातून शेवटची तारीख मिळते, पण सोबत घेतलेली ऑर्डरची रक्कम त्याच ओळीतली असेल याची खात्री नसते.

त्याऐवजी उपक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) ‘रो नंबर’ हे विंडो फंक्शन, म्हणजे ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीला तिच्या गटातला क्रमांक देणारे फंक्शन (मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून), वापरावे: गट ठरवणाऱ्या ‘पार्टिशन बाय’मध्ये ग्राहक क्रमांक, ‘ऑर्डर बाय’मध्ये तारीख उतरत्या क्रमाने आणि, दोन ऑर्डरींची वेळ तंतोतंत सारखी निघाल्यास निकाल डळमळू नये म्हणून, पाठोपाठ ऑर्डरचा आयडीही उतरत्या क्रमाने द्यावा. ‘रो नंबर’ने दिलेला क्रमांक 1 असावा ही अट बाहेरच्या क्वेरीत घालावी, कारण विंडो फंक्शन ओळी गाळणाऱ्या ‘व्हेअर’मध्ये चालत नाही. एकही ऑर्डर नसलेले ग्राहकही यादीत हवे असतील, तर ‘लेफ्ट जॉइन’ (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) करून ही अट जोडणीच्या ‘ऑन’मध्येच ठेवावी, ती ‘व्हेअर’मध्ये गेली की असे ग्राहक गुपचूप गळतात, आणि एररही येत नाही.

ग्राहक मोजके व ऑर्डरी लाखो असल्यास पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘लॅटरल’ जॉइन (प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी उपक्वेरी चालवणारी जोडणी) आणि ‘लिमिट 1’ (एकच ओळ घेणे) सहसा वेगवान ठरते. मात्र ग्राहक क्रमांक, तारीख आणि आयडी यांवर मिळून एक इंडेक्स (ओळी झटपट शोधण्यासाठीची सूची) हवा.