बोर्डावरचा भाव आणि दस्तातला भाव

प्रश्न : वाकडला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके पाहिला. 1,150 चौरस फूट, दर 8,500 रुपये, म्हणजे पावणेअठ्ठ्याण्णव लाख. पुढच्या महिन्यात दर वाढणार म्हणतात. भाव रास्त आहे का?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कॉस्ट शीटवर अगदी खाली, बारीक अक्षरात, रेरा कार्पेट (म्हणजे रेरा या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) 760 चौरस फूट असं छापलंय. प्रत्यक्षात तुमच्या पायाखाली येणार ते एवढंच. पावणेअठ्ठ्याण्णव लाखांना 760 ने भागलं की दर निघतो 12,860 रुपये. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क (घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर 6), नोंदणी फी 30 हजार आणि बांधकाम चालू असल्यामुळे 5 टक्के जीएसटी. सगळं मिळून एक कोटी दहा लाखांच्या घरात जातं आणि कार्पेटचा खरा दर 14,400च्या वर. तुलना करायची ती या आकड्याची.

आता तो कशाशी ताडायचा? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा निघतो. त्यात मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि तारीख असते. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणून घ्या. याच प्रकल्पातले आणि शेजारच्या दोन इमारतींमधले गेल्या सहा महिन्यांतले आठ-दहा दस्त काढा, वहीत एकाखाली एक कार्पेटचे दर लिहा. रविवारची एक दुपार जाईल, पण कोणाचा शब्द प्रमाण मानावा लागणार नाही. बाल्कनी आणि पार्किंग कुठे धरलंय, कुठे नाही, तेवढं मात्र नीट वाचा. त्याच मजल्यावरचा फ्लॅट महिन्यापूर्वी तुमच्यापेक्षा सातशे रुपये कमी दराने नोंदलेला दिसला, तर तो इंडेक्स टू छापून सोबत न्या आणि मग बोलायला बसा.

दर वाढण्याच्या धाकाने घाईत टोकन देणारी माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही 24 हजार भाड्याने राहतो. घरमालक हाच फ्लॅट 95 लाखांना देतो म्हणतात. 70 लाख कर्ज काढावं लागेल. घ्यावा का?

उत्तर : वर्षाचं भाडं 2 लाख 88 हजार, म्हणजे किमतीच्या 3 टक्के. 70 लाखांचं कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साडेअठ्ठावन्न हजारांचा. पहिल्या वर्षी त्यातले साडेपाच लाख नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटतं दीड लाखाच्या आत. तुमचे 25 लाख अडकतील, त्यांचं बुडालेलं व्याज आणि सोसायटीचा मेन्टेनन्सही धरा. सगळा हिशेब मांडला तर घराची किंमत दरवर्षी निदान 5 टक्क्यांनी वाढली तरच तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता, आणि यात मुद्रांक शुल्क अजून धरलेलंच नाही.

मुलांची शाळा तिथेच आहे आणि दहा-बारा वर्षं हलायचं नाही, असं असेल तर घ्या. त्या स्थैर्याला मोल आहे. तीन-चार वर्षांत बदलीची शक्यता असेल तर भाड्यानेच राहा. मालकांना मात्र 95 वरून खाली यायला जरूर सांगा.

प्रश्न : नाशिकमध्ये जुना फ्लॅट 60 लाखांना ठरला. रेडीरेकनरने (सरकारी दरतक्त्याने) किंमत 71 लाख येते. म्हणजे स्वस्तात मिळाला ना?

उत्तर : तसं समजू नका. रेडीरेकनर एका विभागाला एकच दर लावतो. नाल्याकडेची इमारत आणि हमरस्त्यावरची इमारत त्याला सारखीच. मुद्रांक शुल्क 71 लाखांवर भरावं लागेल. शिवाय फरक 10 टक्क्यांपेक्षा जास्त असल्यामुळे ते 11 लाख आयकरात तुमचं उत्पन्न धरले जातील. इमारतीच्या वयाचा घसारा आणि लिफ्ट नसल्याची सूट मूल्यांकनात धरली आहे का, ते आधी तपासून घ्या. बऱ्याचदा तिथेच आकडा खाली येतो.

प्रश्न : कोथरूडला 1986 सालची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, 620 कार्पेट. मालक 1 कोटी 5 लाख मागतात. "रिडेव्हलपमेंट होणारच" म्हणतात.

उत्तर : दर चौरस फुटाला 16,900 रुपये. चाळीस वर्षांच्या भिंतींना एवढा भाव नसतो, तुम्ही पुनर्विकासाच्या आशेचे पैसे मोजताय. मग ती आशा कागदावर दिसू द्या. प्रॉपर्टी कार्डावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्या? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर सोसायटीला आधी मानीव अभिहस्तांतरणाच्या (सरकारी आदेशाने ते करून घेण्याच्या) मागे लागावं लागेल आणि त्यात वर्षं जाऊ शकतात. समोरचा रस्ता टेपने मोजा. तो 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर जादा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी) मिळणं अवघड, आणि त्याशिवाय बिल्डर फिरकत नाही. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. ठराव झालाय की नुसती चर्चा, ते तिथेच कळतं.

घर पाहताना बाथरूमची छोटी खिडकी उघडून डक्टमध्ये (पाइप नेलेल्या उभ्या पोकळीत) डोकवा. मागच्याच महिन्यात अशाच एका इमारतीत दर्शनी बाजूला ताजा रंग होता आणि डक्टमध्ये कॉलमचं काँक्रीट गळून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.