गणिताच्या पेपरमधली सूत्रं डोळ्यांसमोर घडताना दिसतील असा एडिटर कोणता?

तुमची अडचण अशी की बारावीचा पेपर टाईप करताना वर्डच्या मेनूतून एकेक चौकट उचलून सूत्र जुळवण्यात जीव जातो, आणि लेटेक (आज्ञा लिहून पान आणि सूत्रं मांडायची पद्धत) शिकायची तयारी नाही. लिहिता लिहिता सूत्र समोर तयार होईल असं काही आहे का? आहे. बहुतेक तुमच्या कॉम्प्युटरवर आधीपासूनच आहे, कारण ते वर्डच आहे. फक्त तो मेनू सोडायचा.

मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या काही क्लासेसचे पेपर टाईप करून देते. सीईटीच्या मोसमात गणिताचा एक सराव पेपर म्हणजे ५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. झाले २०० पर्याय, आणि त्यातल्या कितीतरींत अपूर्णांक, वर्गमूळ नाहीतर इंटिग्रल. हे माउसने करायला बसलात तर पहाट होईल. म्हणून माझा एकच निकष: सूत्र दिसलं पाहिजे, पण हात कीबोर्डवरून उठता कामा नये. ‘व्हिज्युअल’ म्हणून मिरवणारे बरेच एडिटर पहिलं करतात आणि दुसऱ्यात नापास होतात.

वर्डमध्ये ऑल्ट दाबून बरोबरचं चिन्ह (=) दाबा. सूत्राची चौकट उघडेल. आता वर्गसमीकरणाच्या मुळांचं सूत्र घ्या. कंस उघडा, वजा बी लिहा. मग बॅकस्लॅश, त्याला चिकटून पी-एम, आणि स्पेस. लगेच ± उमटतं. पुन्हा बॅकस्लॅश, एस-क्यू-आर-टी, स्पेस, √ आलं. त्यापुढे कंसात बी, ^, २, वजा ४ ए सी. दोन्ही कंस बंद करा, तिरकी रेघ मारा, कंसात २ ए लिहा आणि स्पेस द्या. ही शेवटची स्पेस पडली की आडवी ओळ उभी राहते: मधे रेघ, खाली २ ए, वर वर्गमूळाचं छप्पर. गट दाखवायला घातलेले कंस आपोआप जातात. दहावीतल्या क्रेमरच्या पद्धतीचे निश्चयकही असेच होतात. मॅट्रिक्सची आज्ञा देऊन कंसात संख्या लिहायच्या, पुढच्या स्तंभासाठी & आणि नव्या ओळीसाठी @. आठवडाभर बोटांना वळण लागेपर्यंत चिडचिड होते, मग मेनू कुठे आहे तेही आठवत नाही.

आता मराठी टायपिंगची खरी मेख. तुम्ही इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरत असाल तर चौकटीत जाऊन बॅकस्लॅश दाबलात की ‘ॉ’ उमटतो, आणि घातासाठी शिफ्ट-६ दाबलं की ‘त्र’. बरेच जण इथेच ‘वर्डला हे जमत नाही’ म्हणून सोडून देतात. सूत्रात शिरण्याआधी विंडोज की आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, बाहेर पडल्यावर परत मराठीवर. दुसरं, ‘क्षेत्रफळ’, ‘पाया’, ‘उंची’ असे मराठी शब्द शक्यतो चौकटीबाहेर ठेवा. वर्ड सूत्रासाठी कॅम्ब्रिया मॅथ हा फॉन्ट वापरतं आणि त्यात देवनागरी नाही. शब्द आत घ्यावाच लागला तर तो निवडून ‘नॉर्मल टेक्स्ट’ करा.

पर्यायांमधले अपूर्णांक बारीक दिसतात ही तक्रार तर प्रत्येक सरांची. त्याचं कारण असं, की ओळीत दुसरा मजकूर असला की वर्ड सूत्र दाबून बसवतं. परिच्छेदात सूत्र एकटंच असलं तर पूर्ण आकारात दाखवतं. म्हणून मी पर्याय बिनरेघेच्या टेबलमध्ये घालते. ‘(अ)’ एका घरात, सूत्र शेजारच्या घरात एकटं. अपूर्णांक लगेच मोठा होतो आणि चारही पर्याय रांगेत बसतात.

तुमच्याकडे जुन्या पेपरांचा साठा असेल तर त्यातली काही सूत्रं डबल-क्लिक करूनही नेहमीसारखी उघडणार नाहीत. ती इक्वेशन एडिटर ३.० या वर्डच्या जुन्या सूत्र-एडिटरमधली असतात. वर्ड २००७ मध्ये आत्ताची पद्धत आली तरी तो जुना एडिटर सोबत राहिला होता. त्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो काढूनच टाकला. सूत्र दिसतं, छापता येतं, पण त्या जुन्या एडिटरात बदलता येत नाही. मॅथटाईप हे सूत्रांचं वेगळं सॉफ्टवेअर घेतलं तर ती उघडतात, पण त्याला पैसे पडतात. मोजकीच असतील तर नव्याने टाईप केलेली बरी.

वर्डबाहेर पडायचं असेल तर लिक्स (LyX) हा एडिटर बघा. मथायस एट्रिश यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला, फुकट. कंट्रोल-एम दाबलं की सूत्र सुरू होतं, ^ दाबलं की कर्सर डोळ्यांदेखत वर चढतो, स्पेस दिली की खाली उतरतो. बॅकस्लॅश-फ्रॅक लिहिलं की दोन रिकामी घरं समोर येतात. छपाई मागून लेटेकच करतं, त्यामुळे पान देखणं निघतं आणि लेटेकचा मजकूर तुम्हाला बघावाही लागत नाही. मराठीसाठी मात्र थोडी मशागत लागते. सेटिंगमध्ये ‘नॉन-टेक’ फॉन्ट (टेक म्हणजे लेटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली) वापरायला सांगायचं, आणि लिपी देवनागरी आहे हे फॉन्टच्या ओळीत स्पष्ट लिहायचं. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं तुटतात. इंजिनिअरिंगला असलेल्या एखाद्या भाच्याला बसवा, एकदाच करायचं काम आहे.

टेकमॅक्स (TeXmacs) या एडिटरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नावात टेक असलं तरी पान मांडण्याचं त्याचं यंत्र स्वतःचं आहे. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या योरिस व्हान देर हूवेन या गणितज्ञांचं काम. सूत्र लिहिताना त्याच्याइतकं गोड मला दुसरं काही वाटलं नाही: ए दाबून टॅब मारलं की अल्फा, < च्या मागोमाग = दाबलं की ≤. पण क्लासला वर्डची फाईल हवी असते, त्यामुळे मी ते स्वतःच्या टिपणांपुरतंच ठेवलंय. वर्डसारख्याच, फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये खाली ‘ओव्हर’, ‘एसक्यूआरटी’ असे शब्द लिहायचे आणि वर सूत्र बघायचं. चालतं, पण नजर सारखी वरखाली होते. व्हीएस कोड किंवा ईमॅक्स या प्रोग्रामरांच्या एडिटरांमध्ये लिहिलेल्या सूत्राचं चित्र जागच्या जागी दिसतं, पण लिहायचं लेटेकच, तेव्हा ते तुमच्यासाठी नाही.

कुठलाही घ्या, सूत्राचा स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका. आज पटकन होतं, पण पुढच्या वर्षी सर सांगतात ‘यातला ३ काढून ५ करा’, आणि पूर्ण सूत्र पुन्हा. प्रेसला वर्डची फाईल न देता पीडीएफ द्या. तिकडे फाईल कोरल किंवा पेजमेकर अशा छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की सूत्रांचं काय होईल त्याचा नेम नाही.

भूमितीच्या आकृत्यांना यातलं काहीच उपयोगी नाही. त्या जिओजेब्रा या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून आणाव्या लागतात.