कोल्हापुरी चपलांच्या वेबसाइटला युरोपचा जीडीपीआर लागू होतो का?

तुमचं म्हणणं असं, की दुकान कोल्हापुरात, सर्व्हर मुंबईत, युरोपात साधं ऑफिसही नाही. मग जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा तिथला डेटा कायदा, तुम्हाला कसा लागेल? लागू शकतो. २५ मे २०१८पासून अमलात आलेल्या जीडीपीआरचं तिसरं कलम बघा. युरोपीय संघात असलेल्या लोकांना तुम्ही माल किंवा सेवा देऊ करत असाल, किंवा त्यांच्या तिथल्या वागण्यावर नजर ठेवत असाल, तर तुमचं दुकान कुठेही असो, हा कायदा लागतो.

पासपोर्टचा इथे संबंध नाही. बर्लिनमध्ये राहणारा सातारकर या कायद्यात येतो. मुंबईत फिरायला आलेला आणि इथलंच टॅक्सी ॲप वापरणारा जर्मन येत नाही.

खरी मेख ‘देऊ करणे’ या शब्दांत आहे. कुणी पॅरिसहून तुमचं पान नुसतं उघडलं, तेवढ्यानं कायदा लागत नाही. मी पुण्यात वेबसाइट बनवते. एका पैठणीच्या दुकानाचं चेकआउटचं पान माझ्याकडे आलं होतं. किंमत युरोमध्ये, देशांच्या यादीत जर्मनी आणि नेदरलँड्स, खाली फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय. मालक म्हणाले, “आम्ही तर येवल्याचे!” पण युरोपातलं गिऱ्हाईक हवंय, हे ते पानच सांगत होतं. चलन, भाषा, तिथल्या ग्राहकांचा उल्लेख, नेमक्या याच खुणा कायद्याच्या प्रस्तावनेत दिल्या आहेत. जाहिरातींसाठी माग काढणाऱ्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या फाइली) असतील, तर दुसरी, म्हणजे वागण्यावर नजर ठेवण्याची अटही लागू होऊ शकते.

परदेशी कंपनीकडून दंड वसूल करणं अवघड असतं, हे मान्य. पण इंटरनेटवरून चेहऱ्यांचे फोटो गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या क्लिअरव्ह्यू एआयला इटलीने २०२२ मध्ये २ कोटी युरोंचा दंड केला, नेदरलँड्सने २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाखांचा. छोट्या दुकानावर उद्याच कुणी चालून येणार नाही, तरी मला हा कायदा रास्त वाटतो. आपल्या २०२३च्या डेटा कायद्यातही भारतातल्या लोकांना माल किंवा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपन्या येतातच.

युरोपात विकायचं नसेल, तर युरो आणि ते देश यादीतून काढा. विकायचं असेल, तर कुकीजसाठी आधी संमती घ्या, कोणती माहिती कशासाठी घेता ते स्पष्ट लिहा, आणि गरजेपुरतंच विचारा. त्या पैठणीच्या फॉर्मवर जन्मतारीख सक्तीची होती. साडी पाठवायला जन्मतारीख कशाला लागते? तो रकाना आम्ही त्याच दुपारी काढून टाकला.