चार्ज दिला की दिला

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज दोनदा वाचला. जर्मनीला जायचं म्हणून जर्मन भाषेची बी-टूची परीक्षा, एजंटने मागितलेला पुढचा हप्ता, पप्पांनी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज, धाकट्याचं ॲडमिशन. आणि सगळ्यात खाली ती एक ओळ: “मावशी, मला एवढी काळजी वाटते म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का?” कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेत, कुणीतरी तुला तसं ऐकवलं म्हणे. कोणी ऐकवलं ते मी विचारत नाही. नाव कळलं तर रविवारी उपासना सुटल्यावर मी त्यांना चर्चच्या पायरीवरच गाठीन आणि तुझ्या आईला ते आवडायचं नाही.

धीर धर, प्रभू सगळं नीट करील, असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती तू ड्यूटीवर रोज करतेस. चार्ज द्यायला शीक, पाळी संपली की वॉर्ड पुढच्या सिस्टरच्या हवाली करतो तसा.

हसू नकोस. नाइटची सिस्टर सकाळी चार्ज कसा देते ते आठव. “चार नंबर, पोटाचं ऑपरेशन, आज दुसरा दिवस. रात्री दोनला ताप आला, गोळी दिली, डॉक्टरांना कळवलंय. सहा नंबर, सलाईन संपत आलंय, लघवी कमी आहे, लक्ष ठेवा.” एकेका खाटेशी उभं राहून. मग इंजेक्शनं मोजायची, रजिस्टरवर सही करायची आणि कपाटाची किल्ली समोरच्या सिस्टरच्या हातात द्यायची. “सगळे पेशंट आहेत तसे आहेत, सांभाळा” एवढं म्हणून कुणी घरी गेलं तर मेट्रन तिला सोडेल का? पण प्रार्थनेत आपण नेमकं तेवढंच म्हणतो. “प्रभू, माझ्या सगळ्या चिंता तू घे, आमेन.” कुठल्या चिंता? ना नाव, ना आकडा, ना तारीख. “आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका” असं प्रेषित पेत्राने बायबलात लिहिलंय ते खरं, पण ‘सर्व’ म्हणजे मोघम नव्हे गं. पतसंस्थेचा हप्ता किती, कुठल्या तारखेचा, पप्पांच्या बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील, परीक्षेतल्या कुठल्या पेपरची भीती वाटते, ते सगळं सांग. प्रभूला माहीत आहे, कबूल. पण आपण काय देतोय ते देणाऱ्याला तरी माहीत असायला हवं.

आणि मग किल्ली दे. आमच्या वॉर्डातली एक सिस्टर रिपोर्ट अगदी चोख द्यायची, पण एका सकाळी कपाटाची किल्ली ॲप्रनच्या खिशात तशीच घेऊन घरी गेली. इकडे ऑपरेशनचा पेशंट कण्हतोय, इंजेक्शन कपाटात, कपाटाला कुलूप. वॉर्डबॉयला सायकलवर तिच्या घरी पिटाळलं तेव्हा कुठे किल्ली आली. माणसं सांगतात, रात्री गुडघे टेकले, सगळं प्रभूला सांगितलं, तरी झोप नाही. येईल कशी? खिसा चाचप की जरा. चार्ज दिला की दिला.

आता तू म्हणशील, दिला तरी परत येतं मनात. येऊ दे. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेसुद्धा ‘हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो’ ही एकच विनंती तीन वेळा केली. मत्तयाने स्वच्छ लिहून ठेवलंय की तिसऱ्यांदाही तेच शब्द होते. त्या रात्री तो अतिशय खिन्न आणि कष्टी झाला होता, तेही लिहिलंय. मग त्याचाही विश्वास कमी होता असं म्हणायचं का त्या कॉटेज मीटिंगवाल्यांनी? तिसऱ्यांदा मागून झाल्यावर तो काय म्हणाला ते वाच: “उठा, आपण जाऊ.” प्याला टळला नव्हता, धरायला आलेले लोक समोरून येतच होते. पण देऊन झालं होतं, म्हणून उठला. तू दहादा दे, माझी हरकत नाही. पण शेवटी ऊठ.

प्रेषित पौलाचंही तेच. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, हे फिलिप्पैकरांना त्याने बंदिवासातून लिहिलं. आणि तोच पौल करिंथकरांना लिहितो की सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते. त्याला ते चालत असेल तर तुझ्या विश्वासाचं माप काढायला कुणी येऊ नये.

मान्न्याची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाची, गोष्ट तर तुला माहीतच आहे. रोज सकाळी गोळा करायचा, त्या दिवसापुरता. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तो टिकायचा. म्हणजे पुढचं बघूच नये असं नाही. जे आज करायला सांगितलंय ते आज करायचं, मग ते उद्यासाठी का असेना. परीक्षा पुढे आहे, पण आजचे धडे आजचे आहेत. ते कर. निकाल तुझ्या वॉर्डात नाही.

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं. तू पुण्याहून रेल्वेने येतेस तेव्हा दौंडच्या अलीकडे लागतं, कधी उतरली आहेस का? पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या आसपास दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे ठेवल्या. शेकडो पोरी, अंगावर धड कपडा नाही. बाईंनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या, झाडं लावली, माग बसवले, छापखाना घातला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. उतारवय, तब्येत साथ देईना, तरी बायबलच्या भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या आणि अख्खं बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. पुढची पाळी दुसऱ्याची. मला ही बाई फार आवडते. रडत बसायला तिच्याकडे कारणं कमी होती का?

आता माझं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी तुझ्या मनात असणार. आमच्या बॅचच्या कितीतरी मुली सौदीला, कुवेतला गेल्या. त्यांचे आज सावेडीला बंगले आहेत. माझाही फॉर्म भरलेला होता. मी गेले नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा लहान. मी प्रार्थना केली, मन शांत झालं, नाही म्हणून कळवलं. नातेवाईक अजून म्हणतात, घाबरली. घाबरले नव्हते! घाबरले असते तर गेलेच असते, कारण भीती पैशाचीच होती. पुढे मुलाला शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं आणि लग्न होऊन पोर झालं तरी तो ते फेडत होता. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याचं ते न बोलणं टोचतं, खोटं कशाला सांगू. पण मी तो चार्ज परत मागायला जाणार नाही. सासूबाई माझ्या हातचं पाणी पिऊन गेल्या, ते कुठल्या बंगल्यात मांडायचं? असो. पत्र तुझं आहे आणि मी माझीच वकिली करत बसले.

तू जर्मनीला जा किंवा जाऊ नकोस, ते मी ठरवणार नाही. मी थांबले म्हणून तू थांबावंस असं मुळीच नाही. पण भीतीने जाऊ नकोस आणि भीतीने थांबूही नकोस. कागद घे, खाट नंबर एकपासून लिहायला लाग. प्रत्येकापुढे आज आपल्या हातात काय आहे तेवढंच लिही. बाकीचं मोठ्याने वाचून त्याच्या हवाली कर. सही कर हवं तर. “ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे” हे प्रभू ज्यांना सांगत होता त्यांना दिवसाची मजुरी मिळाली तरच रात्री चूल पेटत होती. तो काही पेन्शनवाल्यांशी बोलत नव्हता. माझ्यासारखीने ते वाक्य तुला सांगणं सोपं आहे, तेही मला कळतं. तरी सांगते.

आणि झोपेचं. तीन आठवडे झोप नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असं लिहिलंस ते मी मावशी म्हणून नाही, सिस्टर म्हणून वाचलं. हे डॉक्टरला दाखवायचं आहे. मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं तर तिकडेही जायचं, लाजायचं नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं नंतर, डोंगरावर. तू आधी जेव. नाइट ड्यूटी करून लगेच क्लासला पळतेस ते बंद कर, क्लासची वेळ बदलून घे. नाही बदलली तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

पप्पांना सलाम सांग. कर्जाचं त्यांच्याशी तू स्वतः बोल, आईमार्फत नको.

तुझी,
मावशी

ता. क. एजंटला पुढचा पैसा देण्याआधी करार पूर्ण वाच. पावती शिक्क्याची घे, व्हॉट्सॲपवरचा अंगठा पावती होत नाही. करारात ‘परत मिळणार नाही’ असं कुठे लिहिलंय का ते बघ आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.