वाचकांचे प्रश्न : न ठरवता निघालेला दिवस

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. मित्रमैत्रिणींबरोबर अचानक बाहेर पडायचं, दक्षिण मुंबईत खायचं, दुकानं पालथी घालायची. म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघी डोंबिवलीच्या. शनिवारी सकाळी उठल्यावर निघायचं ठरतं, नऊला सीएसएमटीला उतरतो आणि मग ‘आता कुठे?’ यातच निम्मा दिवस जातो. खायचंही असतं, कापडही बघायचं असतं. सुरुवात कुठून करावी?

ठिकाणांची यादी राहू द्या, बाजाराची वेळ तेवढी लक्षात ठेवा. कापडाचं मंगलदास मार्केट आणि दिव्यांची, विजेच्या सामानाची लोहार चाळ अकराच्या सुमारास जागी होतात. त्याआधी गेलात तर अर्धी शटर खाली, उरलेल्या दुकानांत झाडू चालू. तेव्हा पहिले दोन तास पोटाला द्या.

स्टेशनवरून महापालिका मार्गाने सरळ मेट्रो सिनेमापर्यंत चालत या, दहा-बारा मिनिटं लागतात. समोर धोबीतलावला ‘कयानी’ आहे, १९०४ सालचं इराणी हॉटेल. चौघींत दोन ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव), एक अकुरी (पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी), चार चहा एवढंच मागवा. बन मऊ असतो, नुसता खाता येतो. ब्रूनचं कवच कडक, तो चहात बुडवायचा आणि गरम असतानाच संपवायचा. गप्पांत ठेवून दिलात की चिवट होतो. इथेच पोट भरून घेतलंत तर पुढचा दिवस फुकट.

तिथून लोकमान्य टिळक मार्गाने क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. इमारत १८६९ची. आत शिरण्याआधी मान वर करून दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं बघा. ती लॉकवुड किपलिंग यांची, ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्ड यांच्या वडिलांची. आत सुका मेवा आणि केकची भांडी बघून ठेवा, पण फळं आता घेऊ नका. सकाळी घेतलेली पेटी संध्याकाळपर्यंत कोणी उचलायची यावरून मैत्री पणाला लागते.

अकरा वाजले की रस्ता ओलांडून मंगलदासमध्ये.

प्रश्न : मंगलदासमध्ये मीटरवर घेतलेलं कापड दर वेळी कमी तरी पडतं, नाहीतर रंग तरी वेगळा निघतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा राहून जातो. भाव ऐकण्याआधी पन्हा विचारा. मध्यम बांध्याच्या पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला ४४ इंची पन्ह्यात अडीच मीटर पुरतं, ३६ इंचीत तीन मीटर लागतं. ब्लाउजला ३६ इंचीत एक मीटर, ४४ इंचीत ८० सेंटिमीटर. मोठी नक्षी जुळवायची असेल किंवा चौकडा असेल तर पाव मीटर जास्त घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, अडीच मीटरमागे आठ-दहा सेंटिमीटर सहज जातात. म्हणून शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. अस्तरही भिजवा. कापड भिजवलेलं आणि अस्तर कोरं असेल तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडतं, शिवण ओढली जाते आणि बोल शिंप्याला बसतो.

रंगाचं कारण ट्यूबलाइट. गल्ल्या अरुंद, वर छप्पर, उजेड येणार कुठून? तागा गल्लीच्या तोंडाशी नेऊन दाखवायला सांगा, दुकानदारांना ते नवं नाही. गडद लाल, निळं किंवा काळं कापड असेल तर ओल्या रुमालाने आतल्या कडेला चोळून बघा. रुमालाला रंग लागला तर ते पांढऱ्याबरोबर शिवू नका.

कात्री लागली की कापड परत होत नाही. ‘पीस’चा भाव सांगितला तर पीस किती मीटरचा ते विचारा आणि डोळ्यांसमोर मोजून घ्या. आणखी एक : मैत्रिणीला कापड आवडलं तर तिने ते दुकानाबाहेर सांगावं. आत ‘अय्या, किती सुंदर!’ झालं की घासाघीस तिथेच संपली.

प्रश्न : आम्हाला फक्त रविवार मिळतो. काही उघडं असतं का?

मंगलदास आणि लोहार चाळ रविवारी बंद. चोर बाजारातली जुन्या वस्तूंची मटण स्ट्रीट मात्र उघडी असते, तिची सुट्टी शुक्रवारी. शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, साधारण अकरा ते चार. शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघा, नाहीतर दिवस फलाटावर जाईल. आमचं मत विचाराल तर रविवारी दादर पश्चिमेला उतरा. सकाळी लवकर फुलबाजार, मग रानडे रोड. गोखले रोडवर ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घ्या. सोमवारी जाऊ नका, दादरची बरीच दुकानं तेव्हा बंद असतात.

प्रश्न : भटकंतीत सहा-सात ठिकाणी खातो आणि रात्री हमखास पोट बिघडतं.

ठिकाणं तेवढीच ठेवा, प्लेटा निम्म्या करा. दोघांत एक प्लेट, आणि पुढच्या खाण्याआधी निदान अर्धा तास चालणं. पाणी घरून न्या. त्रास बहुधा पदार्थापेक्षा बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि उन्हात उभी असलेली ओली चटणी यांचा होतो. कढईतून समोर काढलेलं खुशाल खा.

फालुदा शेवटी. क्रॉफर्डसमोरचं ‘बादशाह’ १९०५पासूनचं आहे. दूध, सब्जा, शेवया, वर आइस्क्रीम. एवढं पोटात गेल्यावर कोणी मंगलदासमध्ये उभं राहत नाही. दोघांत एक पुरतो. सरबत तळाशी असतं, सुरुवातीलाच ढवळलंत तर पहिल्या घोटापासून गोडमिट्ट. वरचं निम्मं संपल्यावर ढवळा.

प्रश्न : पैशांचा हिशेब कसा ठेवावा? शेवटी कोणीतरी रुसतंच.

निघतानाच प्रत्येकीने ५०० रुपये एकीजवळ द्यावेत. त्यातून फक्त खाणं आणि टॅक्सी. कापड, कानातली ज्याची त्याने. निम्मे पैसे रोख असू द्या, सुट्ट्या नोटांत. बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत फोनला रेंज मिळत नाही आणि पैसे अधांतरी अडकतात. दुकानदाराचा स्पीकर बोलेपर्यंत दुसऱ्यांदा पाठवू नका.

टॅक्सीला श्रीमंती समजू नका. फेब्रुवारी २०२५पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. चौघींत माणशी आठच्या आत. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीटच १० रुपये. पाचवी आली की दोन टॅक्स्या लागतात, मग बस बरी.